क्षयरोग शहराचा की खेड्याचा?

क्षयरोग हा गिरण्यांचा, धुराचा आणि कोंदट चाळींचा रोग होय, असा समज आपल्या देशात फार काळ रूढ होता. खेड्यात मोकळी हवा, भरपूर ऊन आणि अंगमेहनत. तेथे हा रोग कोठून येणार, असे शहाणीसुरती माणसेही म्हणत. ह्या समजाला आधार होता तो दवाखान्यांच्या नोंदवह्यांचा. क्षयाचे दवाखाने बहुतेक शहरांतच असल्यामुळे त्यांच्या वह्यांत शहरी रोगी अधिक दिसत, ह्यात नवल ते काय? ज्या गावी दवाखानाच नाही त्या गावचा रोगी कोणत्या वहीत सापडावा?

ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५५ ते १९५८ ह्या काळात राष्ट्रीय क्षयरोग नमुना पाहणी केली. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तपासणीच लोकांपर्यंत नेण्यात आली. देशाच्या सहा विभागांतून शहरे, कसबे व खेडी निवडण्यात आली. लोकांच्या छातीची क्ष-किरण छायाचित्रे घेण्यात आली आणि ज्यांच्या फुप्फुसांवर संशयास्पद छाया दिसली त्यांची थुंकी तपासण्यात आली. निरनिराळ्या ठिकाणी दर हजार माणसांमागे १३ ते २५ जणांच्या छायाचित्रांत चालू रोगाच्या खुणा आढळल्या, तर हजारी २ ते ८ जणांच्या तपासणीत रोगाचे जंतू सापडले. मुख्य गोष्ट अशी की, खेडी आणि शहरे ह्यांत म्हणण्यासारखे अंतर आढळून आले नाही. देशाची बहुसंख्य प्रजा खेड्यांत राहत असल्याने बहुसंख्य रोगीही खेड्यांतच होते. त्यांची मोजदाद मात्र तोवर कोणी केलेली नव्हती. पुढे १९५९ साली बंगलोर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली, आणि १९६२ साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रम जिल्हा हा घटक धरून आखण्यात आला.

थोड्या माणसांच्या तपासणीवरून साऱ्या देशाचा अंदाज कसा बांधता येतो, अशी शंका पुष्कळांना येते. शेतकऱ्याला तरी हे कोडे पडू नये. पीक कापणी प्रयोगात सगळे शिवार कापीत नाहीत. शेत व त्यातील तुकडा चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडतात, तेवढाच कापून, मळून, तोलून पाहतात, आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज काढतात. ह्या नमुना पद्धतीला आपल्या देशात शास्त्रशुद्ध रूप देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे हे अग्रणी होते. बांधाकडेचे पीक किडलेले आहे, तेव्हा मधला भरघोस तुकडा कापा, असा आग्रह मालकाने धरला आणि तो मानला गेला, तर हिशेब बिघडतो. आरोग्य पाहणीचेही तसेच आहे. निवडलेल्या घरातील माणूस शेतावर गेला म्हणून शेजारच्याला उभे करणे, किंवा खोकणाऱ्या म्हाताऱ्याला लाजेखातर आतल्या खोलीत बसविणे, ह्याने आकडा गोड होतो, पण खोटा होतो.

रोगी किती हे कळल्यावर ते उपचाराला का येत नाहीत, हा प्रश्न पुढे आला. अडाणी लोकांना रोगच उमगत नसेल, असे शहरात बसून म्हणणे सोपे होते. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात डी. बॅनर्जी व एस. अँडरसन ह्यांनी केलेला अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात निराळेच चित्र दिसले. बहुतेक रोग्यांना आपली लक्षणे नीट ठाऊक होती, निम्म्याहून अधिक जण उपचारासाठी कोणाकडे ना कोणाकडे जाऊन आले होते, आणि सरकारी दवाखान्यात गेलेल्यांपैकी बहुतेकांना खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन परत पाठविण्यात आले होते. दोष रोग्याच्या पदरी टाकण्यापूर्वी हा निष्कर्ष प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानात घ्यावा.

त्यानंतर देशव्यापी पाहणी व्हावयास सुमारे साठ वर्षे लागली. ती २०१९ ते २०२१ ह्या काळात झाली. तीत १५ वर्षे व त्यावरील वयाच्या ३ लाख २२ हजारांहून अधिक लोकांनी भाग घेतला. ह्या वयोगटात फुप्फुसाच्या क्षयाचे, जंतू सापडून निश्चित झालेले रोगी दर लाखामागे ३१६ आढळले. प्रांतोप्रांतीचे अंतर मोठे निघाले. गुजरातेत सर्व क्षयाचे प्रमाण लाखामागे १३७, तर दिल्लीत ५३४! राजधानीत इस्पितळांची वाण नाही, तरीही ती सर्वांत वर. स्त्रियांपेक्षा पुरुषांत, आणि तरुणांपेक्षा वृद्धांत रोग अधिक दिसला.

पण सर्वांत विचार करावयास लावणारा आकडा निराळाच आहे. ज्यांना क्षयाची लक्षणे होती अशांपैकी शेकडा सुमारे ६४ जण कोणाकडेही उपचारासाठी गेले नव्हते. न जाण्याची कारणे विचारली असता शेकडा ६८ जणांनी लक्षणांकडे दुर्लक्ष केल्याचे सांगितले. १८ जणांना ती क्षयाची असतील असे वाटले नाही. १२ जणांनी आपल्या मनानेच औषध घेतले. आणि खर्च झेपत नाही म्हणून थांबलेले फक्त २ निघाले. दुसरी गोष्ट अशी की, क्ष-किरण तपासणी नसती, तर सापडलेल्यांपैकी शेकडा सुमारे ४३ रोगी निसटले असते, कारण त्यांना विचारून कळावीत अशी लक्षणेच नव्हती. तेव्हा ‘मला काही होत नाही’ म्हणणाऱ्यालाही गाडीपाशी न्यावे लागते.

गावात पाहणीचे पथक यावयाचे असेल, तर कार्यकर्त्याने सरपंच व आशा कार्यकर्तीला बरोबर घेऊन आधी घरोघर सांगावे. सुगीच्या दिवसांत पुरुष मंडळी पहाटेच बाहेर पडतात, म्हणून त्यांच्यासाठी संध्याकाळची वेळ पथकाकडून मागून घ्यावी. कोणाच्या थुंकीत काय निघाले हे चावडीवर बोलू नये. एका मुलीचे ठरलेले लग्न मोडले की पुढच्या खेपेस सारा वाडा दारे लावून घेतो. पथक येवो न येवो, दोन आठवड्यांहून अधिक खोकला वा ताप, वजनात घट किंवा थुंकीतून रक्त असेल, त्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी व औषधे तेथे विनामूल्य आहेत. रोग्याच्या पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून मिळणारी दरमहा ५०० रुपयांची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये करण्यात आली. ती बँकेच्या खात्यात जमा होते, तेव्हा नाव नोंदवितानाच पासबुक सोबत न्यावे.