खोड पोखरणारा भिरूड : इथला रहिवासी, परमुलखात उपरा

ओळख : बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, लांबशृंगी भुंगेऱ्यांच्या कुळातील कीटक. प्रौढाची लांबी सुमारे ५ सेंटिमीटर, रंग करडा-तपकिरी, शृंगे देहाहूनही दीर्घ.

आश्रयवृक्ष : आंबा, अंजीर, फणस, तुती, शेवगा.

जीवनक्रम : पावसाळ्याच्या सुमारास बाहेर पडलेली मादी सालीच्या भेगांत एकेक अंडे घालते; त्यातून निघालेली पांढुरकी, पादहीन अळी काष्ठात वेडेवाकडे बोगदे खणीत कित्येक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ वास्तव्य करते, आणि फांदी वाळू लागेपर्यंत बागाइतदारास तिची दाद नसते. बुंध्याशी साचलेला भुसा ही पहिली खूण.

गल्लत टाळावी : जालना जिल्ह्याची ख्याती ज्या मोसंबीवर, तिच्या खोडावर रेशमी धागे व विष्ठा यांच्या जाळ्या दिसल्या, तर तो भिरूड नव्हे, ती पतंगवर्गातील साल खाणारी अळी. ती मुख्यतः साल खाते, तीही रात्री, आणि दिवसा खोडातील छोट्या बिळात दडते. डाळिंबाच्या खोडावर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे पाडणारा भुंगेरा आणखी निराळा, जेमतेम २-३ मिलिमीटरचा.

परमुलखात : आपल्याकडील मूळचा रहिवासी असलेला भिरूड इस्रायलात व पोर्तो रिकोत आगंतुक ठरला, इस्रायलात त्याचा रोख अंजिरावर.

जगातील इतर आक्रमक : आशियाई लांबशृंगी भुंगेरा न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली आढळला; ॲश वृक्षांचा काळ ठरलेला पाचूरंगी भुंगेरा मिशिगनमध्ये २००२ साली. दोन्ही पूर्व आशियातले, आणि प्रवास बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून.

भिरुडाचा बंदोबस्त : छिद्रात तार घालून अळी काढणे, कीटकनाशकाचा बोळा बसवून तोंड चिखलाने लिंपणे, वाळलेली फांदी कापून जाळणे.