कुत्र्याच्या पंजातलं गिरमीट

दिवाळी आटोपली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या आसपासचे धुरे, पांदणी आणि पडीक जमिनी तांबूस दिसू लागतात. हा रंग कुसळी गवताचा, शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कापूस वेचून आलेल्या बाया संध्याकाळी ओट्यावर बसून लुगड्याच्या काठातली कुसळं उपटत बसतात. माणसाला हा नुसता वैताग. त्यांच्या मागोमाग त्याच वावरातून आलेल्या कुत्र्याला मात्र कुसळ उपटता येत नाही. तो पंजा चाटत बसतो, आणि आपण म्हणतो, काटा रुतला असेल, निघेल आपोआप.

सगळा घोटाळा इथे होतो. बाभळीचा काटा मोडून आत राहिला तर बऱ्याचदा चार दिवसांत पिकतो आणि पुवाबरोबर बाहेर पडतो. कुसळाची घडणच वेगळी आहे. त्याला जमिनीत शिरायचं असतं, आणि ज्या युक्तीने ते जमिनीत शिरतं तीच युक्ती कातडीतही चालते.

एक कुसळ हातात घेऊन नीट पाहा. खालच्या टोकाला सुईसारखी अणकुची, तिच्यावर पिंगट ताठ केस, आणि ते सगळे मागे वळलेले. बोट टोकाकडून मागे फिरवलं तर गुळगुळीत लागतं, उलट फिरवलं की अडतं. या अणकुचीच्या वर बी, आणि बियाला बोटभर लांब काळपट शेपटी. शेपटीचा खालचा भाग पीळ घातलेला, वरचा भाग वाकडा. आता अणकुची ओल्या मातीच्या गोळीत खोचा आणि पिळावर पाण्याचा थेंब टाका. थोड्याच वेळात पीळ उलगडू लागतो आणि वाकडं टोक गोल फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. पेशींच्या भिंतींत सेल्युलोजचे धागे मळसूत्रासारखे तिरपे गुंडाळलेले असतात. ओल लागली की भिंती फुगतात, वाळल्या की आक्रसतात, पण सगळीकडे सारख्या नाही. त्यातून हा पीळ येतो. बी यात जिवंत असण्याचीही गरज नाही, हे सगळं मेलेल्या पेशींचं काम.

राजुऱ्याच्या हिवाळ्यात रात्री दव आणि दुपारी चटका. म्हणजे जमिनीवर पडलेलं कुसळ रोज एकदा भिजतं, एकदा वाळतं. वाकडं टोक शेजारच्या काडीला अडलं की फिरण्याचा सगळा जोर खालच्या अणकुचीवर येतो, आणि सुताराचं गिरमीट लाकडात उतरावं तसं बी मातीत उतरतं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. चार्ल्स डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिस याने 1876 साली स्टिपा नावाच्या अशाच शेपटीवाल्या गवतावर प्रयोग करून ही यंत्रणा लिहून ठेवली आहे.

कुत्र्याच्या अंगात दव नाही की ऊन नाही, मग कुसळ आत सरकतं कसं? तिथे शेपटी बहुधा मोडून पडते आणि काम उरतं फक्त केसांचं. कुत्रा पाऊल टाकतो, स्नायू हलतो, कुसळ एक कणभर पुढे जातं. मागे येण्याची वाट बंद असते. बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ असं हळूहळू पायात वर चढतं. नाकावाटे फुप्फुसात गेलेलं तर श्वासागणिक पुढे जातं. परदेशांत शिकारी कुत्र्यांमध्ये हे पुष्कळ पाहिलं गेलंय. श्वासातून आत गेलेलं गवताचं बी फुप्फुस भेदून, श्वासपटलाच्या कडेने, थेट कमरेच्या मणक्यांखालच्या स्नायूंत जाऊन बसतं, कारण श्वासपटलाचे मागचे स्नायू तिथेच जोडलेले असतात. मालकाला दिसतं ते एवढंच, की कुत्र्याला ताप आहे आणि पाठीला हात लावला की तो कळवळतो.

बरोबर जंतूही जातात. ॲक्टिनोमायसीस हा त्यातला नेहमीचा. गळू येतं, फुटतं, गोळ्यांनी बरं वाटतं, गोळ्या संपल्या की पुन्हा त्याच जागी किंवा चार बोटं वर वाहायला लागतं. कुसळ आत आहे तोवर हे थांबत नाही. एक्स-रेमध्ये कुसळ दिसत नाही, सोनोग्राफीत कधी सापडतं, खोल असेल तर सीटी स्कॅन लागतो. त्यासाठी नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारखं मोठं ठिकाण गाठायचं, म्हणजे राजुऱ्याहून दीडशे किलोमीटरच्या वर. म्हणून मी सांगेन, सगळी हुशारी कुसळ बाहेर दिसतंय तोवर दाखवावी.

आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला हा त्रास कमी. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यांच्या वसाहतींमधून आता लॅब्रॅडॉर, पॉमेरियन, गोल्डन रिट्रीव्हर दिसतात. कुणाचे लांब केस, कुणाचे लोंबते कान, कुणाच्या बोटांमध्ये केसांचे झुपके, हे सगळं कुसळाच्या सोयीचं. फिरून आल्यावर पंजा हातात घेऊन बोटं एकेक फाकवून पाहावीत, मग काखा, जांघा, पोटाखालचा भाग आणि कानाची आतली बाजू. बोटांमधले केस हंगामापुरते कातरून टाकले तर निम्मं काम होतं. कुसळ अर्धं बाहेर असेल तर चिमट्याने बुडाशी धरून ज्या दिशेने शिरलं त्याच रेषेत सरळ ओढावं, शेपटी धरून हिसका दिला की ती तुटते आणि बी आत राहतं.

अचानक एकामागून एक शिंका, एकाच नाकपुडीतून रक्त, मान एका बाजूला कलंडून सारखं डोकं झटकणं, एकच डोळा मिटून घेणं. कुत्रा गवतातून आल्यावर यातलं काही दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. कानात तेल ओतण्याची आपल्याकडे हौस आहे. ती इथे नको, कापसाची काडीही नको, ती कुसळाला पडद्याकडे ढकलते. डोळ्यात घरातले जुने थेंब तर मुळीच घालू नयेत. त्यात स्टिरॉइड असेल आणि बुबुळावर ओरखडा असेल तर जखम चिघळते. डॉक्टरांना आधी सांगायचं ते हे, की कुत्रा कुसळीतून फिरून आलाय.

शेळ्यामेंढ्यांचं दुखणं जुनंच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हेच गवत लोकरीतून कातडीत आणि कातडीतून मांसात शिरून मेंढ्यांचं मोठं नुकसान करत आलंय. आपल्याकडे वाळलेल्या कुसळीत चरणाऱ्या ढोरांच्या हिरड्यांत आणि जिभेखाली कुसळं रुततात. ढोर चारा हुंगून सोडून देत असेल तर आधी तोंड उघडून पाहावं.

यावर उपाय म्हणून काडी लावण्याची खोड मात्र उलटी बाधते. बी मातीत गाडलेलं असल्याने वरून गेलेली आग त्याला फारशी लागत नाही, मुळाशी असलेला ठोंबही पुन्हा फुटतो. आगीत दुसरी गवतं आणि झुडपं मागे पडतात, मोकळी जागा कुसळीला मिळते. शिवाय ती आग धुऱ्यावरून जंगलात शिरते ती निराळीच. घराभोवतीची आणि पायवाटेच्या कडेची कुसळी फुलोरा येण्याआधी, पाऊस सरता सरता कापावी. कोवळी असताना तिचा चारा चांगला असतो, बैल आवडीने खातात. कुसळं धरल्यावर कापलीत तर ती गंजीत आणि कुटारात जातात, आणि उन्हाळ्यात तीच ढोरांच्या तोंडी लागतात.