कठड्याच्या पलीकडचं महाबळेश्वर

परीक्षांचे निकाल लागले, आंब्याच्या पेट्या घरात आल्या की आपल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "दोन दिवस महाबळेश्वरला जाऊन येऊ या." मग पसरणीचा घाट, पाचगणीला चहा, वेण्णा तलावावर बोटीची रांग, धाकट्यासाठी घोडा, थोरलीसाठी स्ट्रॉबेरी आणि क्रीम, परतताना जॅमच्या बाटल्या, भाजलेले चणे आणि शेजाऱ्यांसाठी चिक्की. मधल्या वेळात पॉइंट. आर्थरसीट, केट्स, एल्फिन्स्टन, लॉडविक, बॉम्बे. प्रत्येक पॉइंटला एक कठडा असतो. त्याला टेकून आपण खाली बघतो, "बापरे, केवढं खोल!" असं म्हणतो, फोटो काढतो आणि गाडीत येऊन बसतो.

पण त्या खोल दरीत आपण नेमकं काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर सांगता येत नाही. हिरवं काहीतरी, निळं काहीतरी. त्या हिरव्यात माणसं राहतात. सकाळी तिथे चुली पेटतात, मुलं शाळेत जातात, नाचणी पेरली जाते. आपल्या लेखी तो देखावा असतो, त्यांच्या लेखी ते गाव असतं. महाबळेश्वराच्या आसपासची "फारशी ठाऊक नसलेली ठिकाणं" म्हणतात ती बहुतेक अशी कठड्याच्या पलीकडे आहेत. गंमत अशी, की ती वरच्या शहराहून कितीतरी जुनी आहेत.

महाबळेश्वराचं मंदिर आणि पंचगंगेचं क्षेत्र पुरातन आहे, हे खरं. पण आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो ते बाजारपेठेचं, बंगल्यांचं आणि पॉइंटांचं गाव अजून दोनशे वर्षांचंही झालेलं नाही. १८२४ मध्ये लॉडविक हा लष्करी अधिकारी साताऱ्याहून या पठारावर आला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला इथली हवा मानवली आणि १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ही जागा इंग्रजांकडे गेली. बदल्यात महाराजांना वाई भागातलं खंडाळा हे गाव मिळालं. नव्या वसाहतीचं नाव माल्कम पेठ पडलं. खालच्या जावळीचा इतिहास मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. चंद्रराव मोऱ्यांकडून शिवाजी महाराजांनी जावळी घेतली ती १६५६ मध्ये, आणि अफझलखानाची भेट झाली १० नोव्हेंबर १६५९ रोजी.

बॉम्बे पॉइंटवरून मावळतीकडे पाहिलंत की प्रतापगड दिसतो. गड सगळे पाहतात. गडाच्या पायथ्याचं पार हे गाव मात्र बहुतेकांच्या गाडीखालून निघून जातं. महाबळेश्वरपासून सुमारे २० किलोमीटर. प्रतापगडाचा रस्ता सोडून थोडं आत वळायचं. एके काळी हे गाव आडवाटेला नव्हतं, भर वाटेवर होतं. कोकणातून देशावर येणारा पारघाट इथूनच चढायचा. मिठाचे, मसाल्याचे बैल याच वाटेने जायचे. खानाच्या फौजेचा तळही याच परिसरात पडला होता. पुढे मुंबईचे साहेब समुद्रमार्गे येऊन महाडकडून डोली-पालखीत बसून वर जायचे, तेही पारवरून. मग आंबेनळी घाटाचा गाडीरस्ता झाला आणि पार बाजूला पडलं. एक रस्ता वळला की अख्ख्या गावाचं नशीब कसं वळतं, ते इथे बघायला मिळतं.

पारला आज काय आहे? रामवरदायिनीचं देऊळ आहे. कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल अजून उभा आहे. या पुलावर पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. इथली कोयना लहान आहे, आठ-दहा वर्षांच्या मुलीसारखी. हीच पुढे जाऊन सबंध महाराष्ट्राला वीज देणार आहे, यावर विश्वास बसत नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर गडावर जाण्याआधी इथे थांबा. खान कुठून आला, महाराज कुठे होते, हे गडावरच्या फलकांपेक्षा या खोऱ्यात उभं राहिल्यावर अधिक नीट समजतं.

त्याच बॉम्बे पॉइंटवरून खोगिराच्या आकाराचा एक डोंगर दिसतो. इंग्रजांनी त्याला तसंच नाव दिलं, सॅडलबॅक. आपलं नाव अधिक गोड आहे, मकरंदगड. त्याच्या अंगावर घोणसपूर नावाची छोटी वस्ती आहे आणि गडावर मल्लिकार्जुनाचं देऊळ. वाट चतुरबेटकडून जाते. पायांना थोडे कष्ट पडतात, पण चालण्याची सवय असलेल्या कुटुंबाला एका दिवसात जमतं. तिथून वर पाहिलं की महाबळेश्वरचं पठार एखाद्या भिंतीसारखं दिसतं. आयुष्यभर त्या भिंतीवरून खाली पाहणाऱ्यांनी एकदा तरी खालून वर पाहावं.

मकरंद म्हटलं की मध आठवतो. याच तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये "मधाचे गाव" म्हणून जाहीर झालं. देशातलं असं हे पहिलंच. इथे घरोघर मधपेट्या आहेत आणि सातेरी जातीच्या मधमाश्या पाळल्या जातात. जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचा मध वेगवेगळ्या चवीचा निघतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा तिच्या मधाची वाट बघणारे लोक आहेत. मला या गावाचं विशेष वाटतं ते हिशेबामुळे. मधमाशी जगायची तर जंगल राहिलं पाहिजे आणि जंगल राहायचं तर त्यातून गावाला दोन पैसे मिळाले पाहिजेत. बँकेत बत्तीस वर्षं कर्जांची कागदपत्रं तपासण्यात गेली. इतकं साधं आणि इतकं पक्कं तारण क्वचितच पाहायला मिळालं.

आता दक्षिणेकडे वळू. महाबळेश्वरहून सुमारे २५ किलोमीटर उतरलं की तापोळा येतं. समोर शिवसागर जलाशयाचं पाणी डोंगरांच्या घड्यांत शिरलेलं दिसतं. जाहिरातींत याला "मिनी काश्मीर" म्हणतात. हे नाव मला आवडत नाही. काश्मीर काश्मीरच्या जागी सुंदर आहे, तापोळा तापोळ्याच्या जागी. शिवाय या नावामुळे एक गोष्ट झाकली जाते. हा तलाव निसर्गाने केलेला नाही. कोयना धरणाचं काम १९५० च्या दशकात सुरू झालं, पुढच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं आणि नदीकाठची गावं, भातखाचरं, देवळं, स्मशानं त्याखाली गेली. या पाण्यावर १,९०० मेगावॉटहून अधिक क्षमतेचा वीजप्रकल्प उभा आहे. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांतले दिवे त्यावर लागले. ज्यांची घरं बुडाली त्यांना सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशा दूरदूरच्या मुलखांत पांगावं लागलं. कित्येकांच्या जमिनीचा प्रश्न नंतर अनेक दशकं रेंगाळत राहिला.

मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत होतो तेव्हाची गोष्ट. म्हशीसाठी कर्ज मागायला एक वयस्क गृहस्थ आले होते. अर्जावर गावाचं नाव होतं जावळीतलं आणि पत्ता होता शंभर मैलांवरचा, माळरानावरचा. मी विचारलं, "बाबा, हे गाव तर तिकडे डोंगरात आहे ना?" ते म्हणाले, "साहेब, नाव तेवढं संगं आणलंय. गाव ऱ्हायलं पाण्याखाली." तक्रारीचा सूर नव्हता. सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त करावी, तशा आवाजात ते बोलले. उन्हाळ्यात शिवसागराचं पाणी खाली जातं तेव्हा जुन्या वस्त्यांची जोती काठावर उघडी पडतात. बोटीत बसाल तेव्हा मुलांना ती दाखवा. घरातला दिवा आणि हे पाणी यांचं नातं त्यांना कळू द्या. त्यांची सहल त्याने बिघडणार नाही.

तापोळ्याहून किंवा पलीकडच्या बामणोलीहून बोटीने वासोट्याला जाता येतं. बामणोली साताऱ्याहून कासमार्गेही गाठता येते. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. त्यामुळे वनखात्याची परवानगी लागते, संध्याकाळच्या आत परतावं लागतं आणि पावसाळ्यात गड बंद असतो. तासा-दीड तासाचा पाण्यावरचा प्रवास, मग दाट जंगलातली चढण आणि वर कोकणाकडे तुटलेला कडा. लहान मुलं आणि गुडघ्यांची तक्रार असलेली वडीलधारी मंडळी यांनी मात्र काठावरच थांबावं. तिथे तांदळाची भाकरी आणि गोड्या पाण्यातल्या माशाचं कालवण मिळतं, तेव्हा त्यांचा दिवसही वाया जाणार नाही.

पूर्वेचा कठडा म्हणजे केट्स पॉइंट. खाली दिसतं ते कृष्णेचं खोरं. वाईच्या ढोल्या गणपतीला नमस्कार करून बहुतेक गाड्या पुढे जातात. तिथून तीनेक किलोमीटरवर मेणवली आहे. नाना फडणवीसांचा वाडा, कृष्णेवरचा देखणा घाट आणि घाटावर टांगलेली एक भली थोरली घंटा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली तेव्हाच्या विजयाची ही खूण. चर्चमधली घंटा कृष्णाकाठी कशी आली, हे सांगताना मुलांना अर्धा इतिहास शिकवून होतो. ज्यांनी "स्वदेस" हा २००४ मधला चित्रपट पाहिला आहे त्यांना हा घाट ओळखीचा वाटेल. आणि वाटेत वाचायला बसायचं असेल तर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्याजवळचं भिलार आहे. मे २०१७ पासून ते "पुस्तकांचं गाव" झालं आहे. घराघरांतून मराठी पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसा, वाचा. कुणी उठवत नाही.

इथवर लिहिल्यावर एक प्रश्न मलाच पडतो. अशी ठिकाणं वर्तमानपत्रात सांगावीत का? उद्या शंभर गाड्या पारच्या पुलापाशी उभ्या राहिल्या, तर पारचंही वेण्णा तलावासारखं व्हायचं. भीती खरी आहे. पण गप्प राहिल्याने खोरं जसंच्या तसं राहील, असंही नाही. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर केंद्र सरकारने २००१ मध्ये संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, म्हणून वर बांधकामावर काही बंधनं आली. त्याचा ओघ आता खाली वळतो आहे. कोयनेच्या खोऱ्यात दोनशेहून अधिक गावांसाठी "नवीन महाबळेश्वर" नावाचा प्रकल्प राज्य सरकारने आखला आहे. तापोळ्याजवळ जलाशयावर मोठ्या पुलाचं काम हाती घेतलं गेलं. रस्ता, दवाखाना आणि मुंबईला न जाता घरी मिळणारा रोजगार या मागण्या इथल्या माणसाच्या आहेत आणि त्या रास्त आहेत. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या तरुणांनी मुंबईत माथाडीची ओझी वाहिली आहेत. पण रस्त्याबरोबर जमिनीचा गिऱ्हाईकही येतो.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. जमीन विकली की पैसा एकदाच येतो. लग्न, घर, मोटरसायकल, आणि तो संपतो. मग त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बंगल्याच्या फाटकाशी जुना मालक राखणदार म्हणून उभा राहतो. उलट त्याच माणसाने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी नीट केल्या, घरच्या बाईने जेवण रांधलं, मुलाने बोट चालवली, तर पैसा थोडा येतो पण दर हंगामाला येतो आणि सातबाऱ्यावर नाव राहतं. राज्याने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं ते याच विचाराने. ते चालेल की नाही हे मंत्रालयात ठरणार नाही. दोन दिवसांच्या सुट्टीत तुम्ही कुठे उतरता, कुणाच्या घरी जेवता, यावर ते ठरेल.

म्हणून जा, पण पाहुण्यासारखे जा. शक्यतो मे महिना टाळा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एवढा पाऊस पडूनही उन्हाळ्यात इथल्या कित्येक वाड्यांना पाण्याची टंचाई सोसावी लागते. तेव्हा बादलीभर पाणी मागताना ते कुठून येतं, याची आठवण ठेवा. आधी निरोप देऊन जेवण सांगा, म्हणजे घरातल्या बाईची धांदल होत नाही. मध, नाचणी, तांदूळ तिथेच विकत घ्या, आणि घासाघीस करायची तर वरच्या बाजारात करा. नेलेल्या पिशव्या आणि बाटल्या घरी परत आणा. देवळात, घाटावर मोठ्याने गाणी लावू नका. आणि मुलांना तिथल्या मुलांशी बोलू द्या. शाळा किती दूर आहे, पावसात नदी कशी ओलांडता, असं काहीबाही ती आपोआप विचारतात. त्यांना जे कळेल ते कुठल्याही पॉइंटवरून दिसत नाही.