पोरीच्या हातात वजन देताना

परवा गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपला आणि एका काकूंनी हळूच विचारलं, "नात पोलीस भरतीची तयारी करतीय. तिथं वजनं उचलायला लावतात. पोरीच्या जातीला पोटात काही होणार नाही ना?" मी म्हटलं, "काकू, वैरणीचा भारा डोक्यावर देताना हे कुणी विचारलं होतं का?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न खरा आहे.

आपल्या सांगलीचंच बघा. चहा-पानाच्या टपरीवर संसार चालवणाऱ्या सरगरांच्या घरातली काजोल. जून २०२२ मध्ये खेलो इंडियात तिनं ४० किलो गटात सुवर्णपदक घेतलं. दोन्ही प्रकार मिळून ११३ किलो! त्यानंतर दोन महिन्यांच्या आत तिचा भाऊ संकेत बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २४८ किलो उचलून रौप्यपदक घेऊन आला. सुवर्ण एका किलोनं हुकलं. १३९ किलो उचलताना त्याचं उजवं कोपर दुखावलं होतं. इतक्या तयारीच्या खेळाडूची ही गत, मग नवख्या पोरीनं पहिल्याच दिवशी मोठं वजन का घ्यावं?

पहिले दोन-तीन आठवडे नुसत्या बैठका. टाचा जमिनीला, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं, कंबर मागं, जणू पाठीमागं पाट ठेवलाय. हे बसलं की मगच वजन. जमिनीवरून उचलताना वजनाच्या अगदी जवळ उभं राहायचं, गुडघ्यात आणि कमरेत वाकायचं, पाठ सरळ, वजन अंगालगत, आणि जोर पायांचा. आपण ज्वारीचं पोतं उचलतो ते नेमकं उलट: लांबून, पाय ताठ ठेवून, हिसका देऊन. माझी कंबर अशीच एकदा धरली होती, आठ दिवस भाकरी थापता आली नाही.

आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस सोडून. एका वेळी आठ-दहादा, अशा तीन फेऱ्या, मध्ये दोन मिनिटं दम खायचा. अजून दोनदा जमेल असं वाटतंय तोवरच थांबायचं. दहाच्या दहा नीट होऊ लागले की एक-दोन किलो वाढवायचे, एकदम पाच नाही. भरतीत मुलींना गोळा ४ किलोचा आणि पळायला ८०० मीटर. गोळ्यालाही जोर पायातूनच येतो. जोरात पळायच्या आदल्या दिवशी मात्र पायांना जड वजन नको.

पोटाचं म्हणाल, तर नीट शिकून वजन उचलल्यानं निरोगी मुलीचं गर्भाशय खाली येत नाही आणि उंचीही खुंटत नाही. पाळीत झेपेल तेवढं करावं. ओली बाळंतीण किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असलेली बाई, हिनं मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

खायला शेंगदाणे, डाळ, अंडी, दूध. आणि व्यायामाच्या दिवशी पाण्याच्या घागरी तिच्यावर टाकू नका, घरात भाऊ आहे की!

काकूंना सांगितलंय, नात वजन उचलत असताना एकदा बाजूनं मोबाइलवर व्हिडिओ काढा. पाठीला पोक दिसला तर त्याच दिवशी वजन कमी करायला सांगा.