पहाटेचा खर्ज आणि शेजारची झोप

पहाटे पाचला खर्ज लावून बसणाऱ्या गायकाच्या लेखी तो सकाळचा रियाज असतो. कायद्याच्या लेखी ती रात्र असते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ हा काळ रात्रीचा धरला आहे. निवासी भागात तेव्हा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. खासगी जागेतल्या वाद्याचा आवाज हद्दीपाशी या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा अधिक जाऊ नये, असंही तिथे म्हटलं आहे. तरीही घरात संगीताची खोली करायची ठरली की चौकशी सुरू होते ती फोम कोणता आणि चौरस फुटाला भाव काय, अशी. माझ्या मते सुरुवात उलट्या टोकाने व्हायला हवी. आपण ज्या वेळी वाजवणार, त्या वेळी भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला किती ऐकू येईल हे आधी पाहावं. खोली किती आवाजबंद हवी, ते त्यावरून साध्या वजाबाकीने निघतं.

मोकळ्या गळ्याने गाणाऱ्याचा आवाज खोलीत साधारण ८५ डेसिबलपर्यंत जातो. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली साडेचार इंची विटांची भिंत त्यातले सुमारे ४५ अडवते, शेजारी पोचतात ४०. दुपारी पंखा फिरत असतो, खाली रिक्षा-बस चालू असतात, त्यात हे ४० बुडून जातात. पहाटेचा हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९मध्ये झोपण्याच्या खोलीसाठी ३० डेसिबलची पातळी सुचवली होती. ती धरली तर तीच भिंत १० डेसिबलने कमी पडते. दहा हा आकडा छोटा वाटतो, पण १० डेसिबल कमी करायचे म्हणजे ध्वनीची ऊर्जा एक दशांशावर आणायची. कानाला तो आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. भिंत जाड करून ही तूट भरायला जावं, तर वजन दुप्पट केल्यावरही जेमतेम ५-६ डेसिबल पदरात पडतात, आणि तेवढा भार स्लॅबवर टाकायचा की नाही हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगायचं. त्यापेक्षा मूळ भिंतीला कुठेही न टेकणारी जिप्सम बोर्डची दुसरी भिंत उभी करून मधल्या पोकळीत रॉकवूल भरणं शहाणपणाचं. पोकळी मात्र ऐसपैस हवी. भिंतीपासून इंचभरावर पातळ बोर्ड ठोकलं, तर बोर्ड, मधली हवा आणि भिंत मिळून खालच्या सुरांना साथ देऊ लागतात आणि डग्ग्याचा घुमार शेजारी आधीपेक्षा जास्त जाऊ शकतो.

पण भिंतीला हात लावण्याआधी दार पाहा. १०० चौरस फुटांची तीच ४५ डेसिबलची भिंत घ्या आणि तिच्यात ७ बाय ३ फुटांचं साधं पोकळ फ्लश डोअर बसवा, जे २० डेसिबल अडवतं. दोन्ही मिळून हाती येतात अवघे २७. दाराखाली अर्ध्या इंचाची फट राहिली असेल, तर ती दाराच्या क्षेत्रफळाच्या ०.६ टक्के भरते. पण तेवढ्या फटीपायी अस्सल सागवानी दारसुद्धा २२ डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. दार आपल्याच हॉलकडे उघडतं म्हणून ते सोडून द्यायचं कारण नाही, कारण तिथे अभ्यासाला बसलेलं मूल असतं आणि आवाज पॅसेजमार्गे समोरच्या घरातही शिरतो. म्हणून पहिला पैसा भरीव दारावर, चौकटीच्या रबरी पट्ट्यांवर आणि खालची फट बुजवण्यावर जावा. नंतर खिडकी. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या खाचा आवाजाला मोकळ्याच असतात. त्यांच्या जागी रबर लावलेली झडपेची खिडकी आणि आत चारेक इंच सोडून दुसरी काच बरीच मदत करते. एसीच्या पाइपभोवतीचं भोकही विसरू नये. गाणं, पेटी, सतार आणि दिवसाचा रियाज असेल, तर बहुतेक घरांत एवढं पुरेसं ठरतं.

फोमचं काय? फोम, जाड पडदे, अंड्यांचे ट्रे हे सगळं खोलीतला प्रतिध्वनी कमी करतं. खोलीबाहेर जाणारा आवाज त्याने जवळजवळ अडत नाही. उलट चारही भिंती फोमने मढवल्या की खोली मुकी होते, तंबोऱ्याची गुंज मरते आणि आपलाच आवाज परत ऐकू न आल्याने गायक नकळत गळ्यावर जोर देतो. रियाजाच्या खोलीत हे नुकसान मला बाहेर जाणाऱ्या आवाजाइतकंच गंभीर वाटतं.

यावर कुणी म्हणेल, रोजची कटकट नको, एकदाच सगळ्यात वरच्या पातळीचं काम करून घेऊ. ड्रम सेटसाठी हा विचार करावाच लागतो. त्याचा आवाज १०५ डेसिबलच्या घरात जातो, रात्री ७५ अडवावे लागतील, आणि ते खोलीच्या आत दुसरी सुटी खोली बांधल्याशिवाय होत नाही. तिची जमीन, भिंती, छत सगळं मूळ बांधकामापासून तुटलेलं हवं. प्रत्येक बाजूने सहा इंच गेले की १० बाय १०च्या खोलीचे १०० चौरस फूट ८१वर येतात. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, त्यामुळे ताज्या हवेसाठी वळणावळणाचा, आतून अस्तर लावलेला डक्ट वेगळा करावा लागतो. एवढं करूनही माहितीपत्रकावरचा एसटीसी, म्हणजे आवाज अडवण्याच्या क्षमतेचा आकडा, १२५ हर्ट्‌झच्या खालचे सूर मोजतच नाही, आणि मोठ्या ड्रमचा दणका नेमका तिथे असतो. फ्लॅटमध्ये रात्री ड्रम वाजवायचाच असेल, तर मी हॉल भाड्याने घ्या असंच सांगेन. गायकाने मात्र या खर्चात पडू नये. पहाटेचा खर्ज सहानंतर सरकवला तरी त्याच्या १० डेसिबलच्या तुटीतला मोठा भाग भरून निघतो. आपल्या घरात आपण गाऊ, हा आग्रह मला समजतो. पण रात्रपाळी करून आलेल्या शेजाऱ्याचाही झोपेवर तितकाच हक्क आहे.

कंत्राटदाराला बोलावण्याआधी एक चाचणी करता येते. स्पीकरवर रियाजाइतक्या आवाजात गाणं लावायचं, एकाच फोनवरच्या ॲपने आपल्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत आवाज मोजायचा, सगळं शांत असताना. फोनचा आकडा अचूक नसला, तरी दोन आकड्यांमधला फरक आजची भिंत काय करते ते बऱ्यापैकी सांगतो. तबल्याचा ठोका जमिनीतूनही खाली जातो, त्यासाठी खालच्या मजल्यावर कुणाला तरी उभं करून आधी नुसत्या जमिनीवर आणि मग जाड रबरावर ठेवलेल्या प्लायवूडच्या पाटावर बसून तेच बोल वाजवायचे. पाटावर वाजवताना खालचा ठोका थांबला, तर जमिनीचं काम तेवढ्यावरच भागलं.