सगळी पोर्टल एकत्र करायची की फक्त जोडायची? समजून घ्या फार्मर आयडीमागचे गणित

गोंदिया : धानाच्या या जिल्ह्यात शेतकऱ्याची माहिती एका ठिकाणी नाही. सातबारा महसूलकडे, पिकाची नोंद ई-पीक पाहणीत, पीएम किसान केंद्राच्या पोर्टलवर, अवजारांचे अनुदान महाडीबीटीवर. हमीभावाने धान विकायचे तर आणखी एक नोंदणी. तीही कुठे मार्केटिंग फेडरेशनच्या, तर कुठे आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर. आधार आणि सातबाऱ्यावरील नावात फरक असला, की काम अडते.

मग एकच पोर्टल का नाही?

प्रत्येक योजनेचे नियम, मुदती आणि जबाबदार खाते वेगळे आहे. सगळे एकाच यंत्रणेत कोंबले आणि ऐन धान खरेदीत सर्व्हर बंद पडला, तर अनुदान आणि विमाही थांबेल.

सरकारने कोणता मार्ग निवडला?

जोडण्याचा. केंद्राने 2 सप्टेंबर 2024 रोजी 2,817 कोटींच्या डिजिटल कृषी मिशनला मंजुरी दिली. त्यातील अ‍ॅग्रिस्टॅकमध्ये तीन सामाईक नोंदी आहेत : शेतकरी, गावनकाशे आणि पेरलेले पीक. योजनांची पोर्टल वेगळीच राहतात. ओळख मात्र एकच, म्हणजे फार्मर आयडी. राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो 15 एप्रिल 2025 पासून बंधनकारक आहे. एस्टोनिया या छोट्या देशानेही 2001 पासून खात्यांचे डेटाबेस एकत्र न करता एका जोडणीने बांधले आहेत.

धोका कुठे?

नोंद सामाईक झाली, की चूकही सामाईक होते. पूर्वी एका पोर्टलवरची चूक एकच योजना अडवायची. आता मूळ नोंदच चुकली तर अनेक लाभ अडकू शकतात. शिवाय ही ओळख जमिनीच्या नोंदीवर उभी आहे. बटईने धान पिकवणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर नसते. देवरीसारख्या आदिवासी भागात वनहक्क पट्टेधारकांचा प्रश्नही वेगळा आहे. त्यांच्यासाठी स्वतंत्र वाट ठेवली नाही, तर खरा कसणाराच यादीबाहेर राहील.

शेतकऱ्यांनी काय करावे?

● आधार, सातबारा आणि बँक पासबुकावरील नाव जुळवून पाहा.
● सर्व गट क्रमांक फार्मर आयडीला जोडले आहेत का, हे सीएससी केंद्रावर तपासा.
● वारस किंवा फेरफाराची नोंद बाकी असल्यास तलाठ्याकडे आधी पूर्ण करा.
● ई-पीक पाहणी मुदतीतच करा.