नोंदींमधली रिकामी जागा आणि कोडने भरलेले आकडे

जळगाव जिल्ह्यात पारा किती उतरला यावर केळी उत्पादकाच्या घरात पैसे येणार की नाही हे ठरतं. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत थंडीची भरपाई बागेतली करपलेली पानं बघून मिळत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर किमान तापमान ठरलेल्या अंशापर्यंत सलग ठरावीक दिवस उतरलं का, एवढंच पाहिलं जातं. 2017 पासून महावेध प्रकल्पाखाली राज्यात अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. ती दर 10 मिनिटांनी नोंद घेतात. 

याच धर्तीवर एखादा विद्यार्थी किंवा शेतकऱ्याचा मुलगा स्वतःचा सेन्सर बागेत लावतो. पण भारनियमन असतं, सिमकार्डला रेंज नसते, बॅटरी बसते. मग नोंदी येतात त्या वेळीअवेळी. त्या 10 मिनिटांच्या सारख्या पट्टीवर बसवण्यासाठी पायथनमध्ये इंटरपोलेशन, म्हणजे अंतर्वेशन, करतात. गैरसमजांची सुरुवात इथून होते.

‘रीसॅम्पल केलं, पुढे इंटरपोलेट लावलं, काम झालं.’

समजा, जानेवारीतल्या एका पहाटेच्या नोंदी अशा आहेत: 6:03 ला 9.4 अंश, 6:21 ला 8.8, 7:02 ला 8.6 आणि 7:08 ला 9.0. पांडाज या पायथनच्या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये यावर 10 मिनिटांचं रीसॅम्पल लावून लगेच इंटरपोलेट केलं, तर उत्तरात सगळे रकाने रिकामे येतात. कारण त्या आवृत्त्या आधी 6:00, 6:10, 6:20 अशी नवी पट्टी आखतात आणि त्या नेमक्या मिनिटाला जुनी नोंद आहे का, एवढंच बघतात. इथे एकही नोंद त्या मिनिटावर पडत नाही, म्हणून मूळ आकडे बाहेर फेकले जातात आणि भरायला आधारच उरत नाही. सगळं रिकामं आलं तर निदान शंका तरी येते. खरा धोका आहे तो चार-दोन नोंदी योगायोगाने पट्टीवर पडतात तेव्हा. मग तेवढ्यांवरूनच एक गुळगुळीत रेघ निघते, बाकीच्या खऱ्या नोंदी कधी गळाल्या ते कळतही नाही.

योग्य क्रम असा: जुन्या वेळा आणि नव्या वेळा एकत्र करा, क्रमाने लावा, इंटरपोलेट करा आणि शेवटी फक्त नव्या वेळा ठेवा. नमपाय या दुसऱ्या लायब्ररीचं इंटर्प हेच काम थेट करतं. मात्र मूळ वेळा चढत्या क्रमाने देणं ही तुमची जबाबदारी. क्रम चुकला तरी ते तक्रार न करता चुकीचं उत्तर देतं.

‘लिनिअर म्हटलं की वेळेचं अंतर आपोआप धरलं जातं.’

पांडाजमध्ये इंटरपोलेटची मूळ पद्धत ‘लिनिअर’ आहे आणि ती घड्याळाकडे बघतच नाही. प्रत्येक ओळ सारख्याच अंतरावर आहे, असं ती धरून चालते. वरच्या उदाहरणात 6:03 आणि 6:21 च्या मध्ये 6:10 आणि 6:20 या दोन नव्या ओळी येतात. लिनिअर पद्धत त्यांना 9.2 आणि 9.0 असे समान वाटे करून देते. पण 6:20 ही वेळ 6:21 ला खेटून आहे, तेव्हा तिथे सुमारे 8.83 यायला हवं. ‘टाइम’ ही पद्धत सांगितली की तेच येतं. कोडमधला एक शब्द बदलायचा, पण तो न बदलणारे खूप.

‘मधलं हुकलेलं इंटरपोलेशनने परत मिळतं.’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. दोन नोंदींमध्ये सरळ रेघ ओढली की ती त्या दोन आकड्यांच्या खाली किंवा वर जाऊच शकत नाही. आपल्या उदाहरणात 6:21 ते 7:02 अशी 41 मिनिटं काहीच आलेलं नाही. हिवाळ्यात जळगावात सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि निरभ्र रात्रीनंतरचं किमान तापमान साधारण त्याच सुमारास असतं. त्या 41 मिनिटांत पारा 7.9 पर्यंत गेला असला, तरी कोड 8.8 आणि 8.6 च्या मधलंच काहीतरी दाखवणार. विम्याची मर्यादा 8 अंश धरली, तर ती थंडी कागदावर पडलीच नाही.

मग ‘स्प्लाइन’ लावू, असं कोणी म्हणेल. तो वक्र दोन्ही आकड्यांच्या खाली जाऊ शकतो खरा, पण तो खड्डा गणिताच्या वळणाने पडतो, थंडीने नाही. न मोजलेल्या पाऱ्याच्या नावावर तो आकडा टाकणं मला सरळ चूक वाटतं.

पावसाचं आणखी वेगळं. दहा मिनिटांच्या सरीचा आकडा दोन्ही बाजूंना पसरवला की कोड तासभर भुरभुर पाडतो. पावसाची आधी चढती बेरीज करावी, ती पट्टीवर बसवावी आणि मग वजाबाकी करावी. एकूण पाऊस तरी कायम राहतो. वाऱ्याच्या दिशेचंही तसंच: 350 आणि 10 अंशांच्या मधोमध आकड्यांनी 180 येतं आणि उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. दिशा आडव्या-उभ्या घटकांत मोडूनच इंटरपोलेट करावी.

‘वेळ यूटीसीत असली काय आणि भारतीय असली काय, दिवस तोच.’

अनेक सेन्सर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, नोंद ठेवतात. यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे 5:30 ला बदलतो. समजा, 13 जानेवारीला पहाटे पाचला 7.8 अंश होते आणि पावणेसातला 7.5. यूटीसीने दिवस पाडले तर पहिला आकडा 12 तारखेच्या खात्यात जातो, दुसरा 13 च्या. 12 ची सकाळ उबदार असली तरी एकच रात्र दोन थंड दिवस बनते. ‘सलग तीन दिवस’ मोजणाऱ्या हिशेबात याने सगळा निकाल फिरतो. म्हणून आधी वेळ भारतीय करा, मग दिवस पाडा. पावसासाठी तर हवामान खात्याचा दिवस सकाळी 8:30 ते दुसऱ्या दिवशीच्या 8:30 असा असतो, तेही लक्षात ठेवा.

‘लिमिट घातली की मोठी खिंडारं रिकामीच राहतात.’

नाही राहत. पांडाजमधली लिमिट सलग किती रकाने भरायचे एवढंच ठरवते. सहा तासांच्या खिंडारात लिमिट 3 दिली, तर पहिले तीन रकाने भरलेच जातात. खिंडाराची लांबी स्वतः मोजा आणि ती मर्यादेपलीकडे गेली तर तो पूर्ण भाग रिकामा ठेवा. नमपायचं इंटर्प तर शेवटच्या नोंदीनंतरही तोच आकडा पुढे पुढे लिहीत राहतं. बॅटरी संपलेला सेन्सर मग दिवसभर एकाच तापमानावर ‘चालू’ दिसतो.

खान्देशात हे काम करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. मूळ नोंदींच्या फाइलला हात लावू नका. पट्टीवर बसवलेल्या तक्त्यात एक जादा रकाना ठेवा: आकडा मोजलेला की भरलेला. आणि दिवसाचं किमान-कमाल काढाल, तेव्हा ते मूळ नोंदींवरूनच काढा.